जरा डावीकडे

सत्तावीस भाग झाले, मी एकही पाहिला नाही.
कौलं फुटू नयेत म्हणून
सगळ्यांत हलकी मी वर,
दोन्ही मुठींत अँटेनाचा गार दांडा,
आणि खाली चोगल्यांच्या ओटीवर पन्नास माणसं:
आलं! गेलं! जरा डावीकडे!
अगो तुझ्या डावीकडे नाय, सुवर्णदुर्गाकडे!

'टिटवी' नावाचं यान मी असं ऐकलं.
कॅप्टन अनुराधा कौलांच्या फटींतून वर यायची,
खरखरत, मुंग्यांसकट:
पृथ्वी, ऐकू येतंय का?
मी वरून हळूच म्हणायचे, येतंय.

अठ्ठाविसावा भाग झालाच नाही.
पैसे संपले म्हणाले.
इंजिन बंद पडलेली टिटवी
चौतीस वर्षं तशीच तरंगत राहिली
आणि मधल्या काळात आमची लग्नं झाली,
ट्रॉलर आले, कोळंबी गेली,
पन्नासातले एकोणीस उरले.

काल शेवट दाखवला.
मसूद हुनेरकराच्या बर्फाच्या कारखान्यात,
हिशेबाच्या खोलीत, भिंतीवर चादर लावून.
शेजारी लाद्या फोडायचं मशीन थांबवलं होतं,
तरी पाय गारठले.
दामू चोगल्याने डायलिसिसची वेळ बदलून घेतली,
बायकोला सांगितलं, सोसायटीची मीटिंग आहे.

टिटवी सापडते.
कॅप्टन तीच नटी, केस पांढरे.
घरी आणायला नवं यान आलेलं असतं,
दार उघडं, आत दिवा.
ती बघते. सुकाणू वळवते.
परत बाहेर, काळोखात.
मग नावं वर सरकू लागली. कुणी उठलं नाही.

पहिला मसूद भडकला:
हा काय ग्रह? निळा, गुळगुळीत, न्हाणीतल्या फरशीसारखा!
जुना ग्रह तांबडा होता, भोकाभोकांचा कातळ,
आपल्या सड्यावर शूटिंग झालेलं,
मामूने डोळ्यांनी पाहिलेलं.
(मामू तेव्हा कुवेतला होता. कुणी बोललं नाही.)

पेडणेकर बाई म्हणाल्या, तिथून प्रकाशाला चार वर्षं लागतात,
हिला उत्तर लगेच कसं मिळतं?
आणि चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ.

दामूला यंत्रमानव पटला नाही.
जुन्या 'चौदा'चं डोकं डालड्याचा डबा होतं,
कडेला गंजलेलं.
हा नवा चकचकीत. याला माया कशी लावायची?

कुणी म्हणालं फसवलं.
कुणी म्हणालं, एवढी वाट पाहिली,
निदान पाय तरी जमिनीला लावायचा.

पांडू तांडेल दाराशी उकिडवा.
एकोणनव्वद साली त्याची होडी नऊ दिवस वाहत गेली होती,
तिघांतला तो एकटा आला.
म्हणाला, फिरली ती बरोबर फिरली.
काठावरची माणसं विचारतात ना,
काय झालं, काय झालं.
अजून विचारतात.

मग सगळे माझ्याकडे वळले. तुला कसं वाटलं गो?
मी तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहत होते.
नाक मला वाटलं होतं त्याहून मोठं.
आवाज इतका स्वच्छ
की ओळखीचा वाटेना.
म्हटलं, बरं होतं.

आज सकाळी लिलावात सुरमईचा भाव चढत असताना
दामू मसूदला म्हणाला, तुझ्या मामूने काही पाहिलं नव्हतं.
दोघे बोलत नाहीत आता.

संध्याकाळी मी वर गेले.
कौलं नाहीत, स्लॅब आहे,
दांड्याला बोंबलाची वलांडी बांधलेली.
धरला. गार होता.
जरा डावीकडे फिरवला, किल्ल्याच्या बाजूला,
दोरी ताणली, पाचसहा बोंबील खाली अंगणात.

सून ओरडली, आई, वर काय करताय?
येतंय, म्हटलं.
तिला वाटलं, मी खाली येतेय.